सुवर्णपदक १९७२ चं, अर्जुन पुरस्कार २०२५ मध्ये. बॉक्सर मुरलीकांत पेटकर एवढी वर्षं पडद्याआड का राहिले?

१७ जानेवारी २०२५. राष्ट्रपती भवनात अर्जुन पुरस्कारांचं वाटप सुरू होतं. त्या दिवशी सांगली जिल्ह्यातल्या दोन खेळाडूंची नावं पुकारली गेली. एक आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी. त्यांनी पाच महिन्यांपूर्वीच पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक जिंकलं होतं. दुसरे पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. वय ८० वर्षं. त्यांचं सुवर्णपदक होतं १९७२ सालचं!

एकाला पाच महिन्यांत पुरस्कार, दुसऱ्याला ५२ वर्षांनी. असं का झालं?

आधी बॉक्सर, मग जवान जखमी

पेटकर तरुणपणी सैन्यात गेले. ईएमई, म्हणजे सैन्याची यंत्रं आणि वाहनं दुरुस्त करणारी शाखा, तिथे ते जवान होते. तिथेच त्यांनी बॉक्सिंगचे हातमोजे चढवले. लष्करी स्पर्धांत त्यांनी नाव काढलं. १९६४ मध्ये टोकियोतल्या आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धेतही ते खेळले. तेव्हा वय होतं अवघं विशीचं. पुढची दहा वर्षं रिंगणात गाजवायची त्यांची तयारी होती.

पण पुढच्याच वर्षी, १९६५ ला, पाकिस्तानशी युद्ध पेटलं. त्यात पेटकरांना गोळ्या लागल्या. मणक्याला इजा झाली आणि कमरेखालची ताकद गेली.

बघणाऱ्याला वाटतं, ठोसा हाताने मारतात. पण त्याचा जोर पायातून निघतो, कमरेतून वर चढतो आणि खांद्यातून मुठीत उतरतो. तालमीत घाम गाळलेल्यांना हे सांगायला नको. पाय रोवलेले नसतील तर डाव बसत नाही. त्यामुळे पेटकरांचे हात शाबूत असूनही बॉक्सिंग तिथेच संपलं. एक होतकरू बॉक्सर हरल्याशिवायच रिंगणाबाहेर गेला.

पाण्याने काय केलं?

मणक्याच्या इजेनंतर उपचार म्हणून पोहायला लावतात. कारण पाणी शरीराचं वजन उचलून धरतं. जे पाय जमिनीवर साथ देत नाहीत, ते पाण्यात निदान भार तरी होत नाहीत. बाकीचं काम खांदे, दंड आणि छातीचं. बॉक्सरचं नेमकं तेच अंग तयार असतं.

उपचार म्हणून सुरू झालेलं पोहणं पुढे स्पर्धेपर्यंत गेलं. त्याआधी १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये पेटकर टेबल टेनिस खेळून आले होते. चार वर्षांनी, ऑगस्ट १९७२ मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्गला ते ५० मीटर फ्रीस्टाइलसाठी पाण्यात उतरले. वेळ लागला ३७.३३ सेकंद. सुवर्णपदक तर मिळालंच, शिवाय तो त्या गटातला विश्वविक्रम ठरला.

विहिरीत पोहणाऱ्या कुणालाही कळेल, पाय न मारता नुसत्या हातांवर ५० मीटर कापणं म्हणजे काय ते.

ऑलिम्पिकमध्ये भारताला वैयक्तिक सुवर्ण मिळालं ते २००८ मध्ये, नेमबाज अभिनव बिंद्राकडून. पॅरालिम्पिकमध्ये ते पेटकरांनी ३६ वर्षं आधीच आणलं होतं. त्यांच्यानंतर पॅरालिम्पिकचं दुसरं भारतीय सुवर्ण यायला २००४ साल उजाडलं. ते भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया यांनी जिंकलं.

मग लोकांना कळलं का नाही?

पहिलं कारण, काळ. त्याच महिन्याच्या शेवटी म्युनिकचं ऑलिम्पिक सुरू झालं. सगळ्यांचे कान हॉकीकडे लागले. हायडेलबर्गची बातमी त्यात विरून गेली.

दुसरं कारण, दृष्टी. या स्पर्धांची सुरुवातच १९४८ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयातून झाली. डॉ. लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांसाठी त्या भरवल्या. त्यामुळे बराच काळ लोकांना हा उपचाराचाच भाग वाटायचा, खरा खेळ नाही.

तिसरं कारण, व्यवस्था. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून होता. पेटकरांनी १९८२ मध्ये त्यासाठी अर्जही केला, पण तो मान्य झाला नाही. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करत ते शांतपणे जगले.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

पेटकरांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी सिनेमा आला, तेव्हा कुठे नव्या पिढीला त्यांचं नाव माहीत झालं.

आता काय बदललंय?

पॅरिस पॅरालिम्पिकनंतर केंद्र सरकारने सुवर्णपदकाला ७५ लाख, रौप्यला ५० लाख आणि कांस्यला ३० लाख रुपये जाहीर केले. दिव्यांग खेळाडूचं पदक आता पदक म्हणूनच मोजलं जातं. खिलारींना पाच महिन्यांत पुरस्कार मिळाला तो त्यामुळेच.

पण जुन्या खेळाडूंचं काय? गावोगाव असे कुणीतरी असतातच. कुणी सैन्यातून खेळलेलं, कुणी जखमी होऊन परतलेलं. त्यांची प्रमाणपत्रं ट्रंकेत पिवळी पडतात. घरच्यांनी एवढं तरी करावं: प्रमाणपत्रं, जुनी कात्रणं आणि फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत, स्पर्धेचं नाव आणि साल लिहून ठेवावं. पद्म पुरस्कारासाठी तर आता कुणीही नागरिक सरकारच्या वेबसाइटवर ऑनलाइन नाव सुचवू शकतो. त्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही.

पेटकरांना सन्मान हयातीत मिळाला. खाशाबांच्या नशिबी तेही नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्या खेळाडूची विचारपूस आजच करावी, ती यासाठीच.