ध्वनी आणि चित्र यांचा मेळ

पावसाळ्याच्या आरंभी उत्तनच्या किनाऱ्यावर उभे राहिले, म्हणजे दूर समुद्रावर वीज चमकताना दिसते आणि काही वेळाने तिचा गडगडाट ऐकू येतो. वास्तविक दोन्ही एकाच वेळी निर्माण झालेले असतात. परंतु प्रकाश जवळजवळ तत्क्षणी आपल्यापर्यंत पोहोचतो, तर ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापावयास सुमारे ३ सेकंद लागतात. दृश्य आधी आणि आवाज मागाहून, हा सृष्टीचा क्रमच आहे. आपल्या डोळ्यांना व कानांना त्याची सवय असते. म्हणून पडद्यावर आवाज किंचित मागे राहिला, तर आपण ते चालवून घेतो. पण ओठ हलण्यापूर्वीच शब्द ऐकू आले, तर मन तत्काळ अस्वस्थ होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे १२५ सहस्रांश सेकंद मागे पडला, म्हणजे तो प्रेक्षकाच्या लक्षात येतो. पुढे गेला, तर मात्र ४५ सहस्रांश सेकंदही पुरेसे होतात.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हा हा प्रश्न नव्हता. कारण तो मूकपट होता. १९३१ साली ‘आलम आरा’ने हिंदी पडद्याला वाणी दिली आणि १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. पुढे चित्र एका यंत्राने आणि आवाज दुसऱ्या यंत्राने टिपण्याची रीत रूढ झाली. मग दोहोंचा मेळ घालावा कसा? त्यासाठी प्रत्येक दृश्याच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एक पाटी धरून तिची फळी आपटतात. फळी टेकल्याचे चित्र आणि ‘टक्’ असा आवाज एकत्र जुळवले, की पुढचे संभाषण ओठांशी जुळते.

मात्र एका ठिकाणी मेळ बसला, म्हणजे सर्वत्र बसला असे नव्हे. दोन घड्याळांचे उदाहरण घ्या. एक घड्याळ नेहमी पाच मिनिटे मागे असते. दुसरे दर तासाला एक मिनिट मागे पडते. पहिल्याचे काटे एकदा सरकवले, की काम झाले. दुसऱ्याचे काटे कितीही वेळा सरकवा, ते पुन्हा चुकणारच. कारण त्याची चालच बिघडलेली आहे. ध्वनी आणि चित्र यांच्यातील बिघाडही असाच दोन प्रकारचा असतो.

भाईंदरच्या काही विद्यार्थ्यांनी उत्तनच्या एका वृद्ध कोळीणबाईंची मुलाखत घेऊन दहा मिनिटांचा चित्रपट तयार केला, तेव्हा याचा मला प्रत्यय आला. बांबूंच्या मांडवांवर बोंबील कसे वाळवतात, हे त्या आपल्या बोलीत सांगत होत्या. मुलांनी एका सॉफ्टवेअरमध्ये संकलन केले. नंतर चित्रांची मालिका तेवढी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तीवर हलती अक्षरे चढवली आणि ती परत आणून मूळ आवाजाला जोडली. प्रारंभी सारे ठीक दिसले. शेवटी मात्र बाईंचे शब्द आधी येत आणि ओठ मागून हलत! दुसऱ्या दिवशी त्या स्वतः चित्रपट पाहावयास शाळेत येणार होत्या. मुलांनी घाईने आवाज मागे सरकवला. शेवट जुळला, पण आरंभ बिघडला.

मी त्यांना एवढेच सांगितले, ‘‘आधी अंतर मोजा, आरंभी, मध्ये आणि शेवटी.’’ अंतर आरंभी शून्य, मध्ये सुमारे ०.३ सेकंद आणि शेवटी ०.६ सेकंद भरले. म्हणजे घड्याळाची चालच चुकत होती. मग कारण सापडले. चलच्चित्र म्हणजे भराभर दिसणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका. चित्रपटगृहात सेकंदाला २४ चित्रे दाखवण्याचा प्रघात आहे, तर आपल्या दूरदर्शनवर २५. अमेरिकेत दूरदर्शनवर ३० चित्रे दाखवीत; १९५३ साली तेथे रंगीत दूरदर्शनची पद्धत ठरली, तेव्हा रंगाचा संदेश ध्वनीच्या संदेशात मिसळू नये म्हणून हा वेग २९.९७ करण्यात आला. मुलांचे चित्रीकरण ३० चित्रांचे होते; दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेग २९.९७ मांडला गेला होता. त्यामुळे १८,००० चित्रांना ६०० ऐवजी ६००.६ सेकंद लागू लागले. दोन्हीकडे ३० हा आकडा ठेवताच आरंभ, मध्य व शेवट जुळून आले.

अंतर वाढण्याची आणखीही कारणे असतात. चित्रपटाचा आवाज बहुधा सेकंदाला ४८,००० नमुने घेऊन साठवतात, तर सीडीवर ४४,१००. पहिला आवाज दुसऱ्या मापाने वाजवला, तर एका मिनिटाचे बोलणे सुमारे ६५ सेकंद चालते आणि स्वरही खाली उतरतो. मोबाइलच्या चित्रीकरणात कधी कधी चित्रांची संख्या सेकंदागणिक बदलते. असे चित्रीकरण प्रथम एका स्थिर वेगात बदलून घ्यावे लागते. कधी कधी दोष मुळात नसतोच. संगणकाला भारी दृश्ये वेळेवर रेखाटता येत नाहीत, म्हणून काम चालू असताना मेळ चुकल्याचा भास होतो. म्हणून पूर्ण चित्रपट तयार करून मगच निर्णय द्यावा.

दुसऱ्या दिवशी त्या कोळीणबाईंनी स्वतःला पडद्यावर बोलताना पाहिले. त्यांचा प्रत्येक शब्द त्यांच्याच ओठांवर उमटत होता. एखाद्याचे बोलणे आपण टिपून ठेवतो, तेव्हा ते त्याच्या मुखापासून तुटू न देणे हे आपले कर्तव्य ठरते. ते पार पाडावयाचे, तर दोष दिसताच काटे सरकवू नयेत. आधी घड्याळाची चाल तपासावी.