वैशाखातली पालेभाजी

तानसा, मोडकसागर, भातसा ही तिन्ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबई पिते आणि होळी सरली की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरू लागतात. पावसाळ्यात इथल्या वाशिंद गावच्या बाजारात शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी येते. वैशाखात रानात भाजी नसते आणि परसातल्या वाफ्याला पाणी नसतं. इथे मातीविना शेतीचा विचार करायचा तो या दिवसांसाठी.

ही शेती बेटांवर गरजेपोटी झाली. १९३०च्या दशकात प्रशांत महासागरातल्या वेक बेटावर पॅन अमेरिकनची विमानं थांबत. बेट प्रवाळाचं, पिकाजोगी माती नाही. म्हणून प्रवाशांसाठी भाजी खतपाण्यात वाढवली गेली. तिच्या आजच्या ‘स्मार्ट’ रूपात पाइपांतून खतपाण्याचा पातळ प्रवाह फिरत राहतो, सेन्सर सामू, क्षार आणि पाण्याचं तापमान मोजतात. पाण्याची बचत मोठी होते. पण उन्हाळ्यात वीज गेली की पाइपातली मुळं काही तासांत सुकतात. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, मुळं कुजतात. सेन्सरला ते कळतं. पाणी गार करायला मात्र पुन्हा वीजच लागते.

म्हणून मला हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांची पद्धत वाशिंदला जवळची वाटते. तिच्यात पंपच नाही. टबात खतपाणी एकदाच भरायचं, झाकणाच्या भोकात रोप बसवायचं. रोप पाणी पितं तशी पातळी उतरते. वरची मुळं ओलसर हवेतून प्राणवायू घेतात, खालची पाण्यात राहतात. लेट्यूसच्या गड्ड्याला साधारण चार लिटर पाणी पुरतं. आपल्या उन्हाळ्यात लेट्यूसचा हट्ट नको, माठ लावावा. त्याला पाणी थोडं जास्त धरावं. टब शेडनेटखाली हवा. झाकणाला फट राहिली तर डास होतात, त्यात हयगय चालणार नाही.

खताचं गणित वेगळं आहे. मातीतले जिवाणू युरियाचं नायट्रेट करून देतात, टबात ते काम होत नाही. म्हणून कॅल्शियम नायट्रेट आणि विद्राव्य खतं लागतात. त्यांची घट्ट द्रावणं एकत्र केली तर साका बसतो. दोन डबे वेगळे ठेवायचे.

भात, नागली खाचरातच पिकणार. टबातून पोट भरणार नाही, ताटात पालेभाजी येईल. आणि त्यासाठी टँकरच्या पाण्याला हात लावायची वेळ येऊ नये. विहिरीला पाणी असतानाच, फाल्गुनात, बचतगटाने टब भरून घट्ट झाकून ठेवावेत. रोपं चैत्रात लावली की वैशाखात माठ खुडायला येतो.