भाषा पालटते, कसब उरतें

मोडी लिपि व्यवहारांतून मागें पडली. जमाखर्च मागें पडला नाहीं. ज्या कारकुनाला केवळ वळणदार मोडीच येत होती त्याची अडचण झाली. ज्याला वहींतला हिशेब कळत होता त्याला लिपि तेवढी नवी शिकावी लागली. संगणकासाठीं आज्ञावली लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरची आजची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं.

१९५७ सालीं शास्त्रीय गणितासाठीं फोरट्रॅन ही भाषा आली. १९६० मध्यें व्यापारी हिशेबांकरितां कोबोल आली. १९७२ च्या सुमारास सी, १९९१ मध्यें पायथन, १९९५ मध्यें जावा, अशी ही रांग वाढतच गेली. चाळिशींत, संसाराचा भार खांद्यावर असतां, ‘तुमची भाषा आतां चालत नाहीं’ असें ऐकावें लागणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

तथापि या भाषांच्या अंतरंगांत शिरलें तर काय दिसतें? बँकेच्या प्रत्येक खात्यावर व्याज आकारावयाचें आहे. एक खातें घ्यावें, शिल्लक पाहावी, नियम लावावा, रक्कम मांडावी आणि पुढील खात्याकडे वळावें. ही पुनरावृत्ति कोबोलमध्यें ‘परफॉर्म’ या शब्दानें सांगतात, जावामध्यें ‘फॉर’ या शब्दानें. शब्द बदलला, विचार तोच राहिला. भेद मुळींच नसतात असें मात्र नव्हे. सी भाषेंत संगणकाच्या स्मृतींतील जागा मागून घेणें व काम सरल्यावर ती मोकळी करणें हें प्रोग्रॅमरकडे असतें. जावामध्यें मोकळी करण्याचें काम यंत्रणाच पाहते. म्हणून दुसरी भाषा निवडतांना पहिलीची सख्खी बहीण न निवडतां वेगळ्या वळणाची निवडावी. तिसरी मग सोपी जाते.

जुन्या भाषेलाही कमी लेखण्याचें कारण नाहीं. जुन्या आज्ञावलींत सालाचे शेवटचे दोनच अंक ठेवीत. त्यामुळें २००० साल हें १९०० समजलें जाण्याचा धोका होता. त्या दुरुस्तीचें पुष्कळ काम भारतीय प्रोग्रॅमरांना मिळालें. पुढें एप्रिल २०२० मध्यें बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हां अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनीं कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हांक दिली. परंतु अशीं कामें प्रसंगाबरोबर संपतात. तीं करतां करतां ज्यानें बँकेचा व्यवहार समजून घेतला, त्याच्या हातीं भाषेपलीकडचें कांहीं उरलें.

आज तर आज्ञावलीचा मसुदा यंत्रच लिहून देऊं लागलें आहे. तो पारखून घेणें, त्यांतील चूक हुडकणें आणि मुळांत काय हवें आहे हें ठरविणें, एवढें ज्याला साधतें त्याला नव्या भाषेचें भय बाळगण्याचें कारण नाहीं.