खाचेत धावणारी गाडी

मावसभावाकडे स्लॉट कारचा सेट पाहून आल्यापासून माझ्या धाकट्या भावाने घरात भुणभुण लावली होती. बाहेरून मागवायचा म्हणजे किंमत भारी. मी सहज म्हणून गेले, "त्यात काय, मी बनवून देते. इंजिनिअर आहे ना!" बोलून तर बसले. पण त्याच सेमिस्टरला माझा मशीन्सचा विषय राहिला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे आता प्रश्न इज्जतीचा!

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्लॉट कारला स्टिअरिंग नसतं आणि बॅटरीही नसते. ट्रॅकमध्ये एक बारीक खाच असते. गाडीच्या पुढच्या टोकाखाली असलेलं छोटं पातं त्या खाचेत बसतं आणि गाडीला वळवतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. त्यांतून १२ व्होल्ट डीसी गाडीतल्या मोटरला मिळतो. खेळणाऱ्याच्या हातात फक्त वेग. "हॅ, मग मजा काय?" असं मलाही वाटलं होतं. पण वळणावर वेग जरा जास्त झाला की पातं निसटतं आणि गाडी थेट सोफ्याखाली!

हा खेळ लोकप्रिय केला इंग्लंडच्या फ्रेड फ्रान्सिस यांनी. त्यांच्या मिनिमॉडेल्स कंपनीच्या 'स्केलेक्स' नावाच्या चावीच्या गाड्या होत्या. त्यांत इलेक्ट्रिक मोटर घालून १९५७ मध्ये 'स्केलेक्सट्रिक' आलं. आजच्या बऱ्याच प्लास्टिक ट्रॅकवर लोखंडी पट्ट्या असतात आणि गाडीखाली मॅग्नेट, त्यामुळे गाडी ट्रॅकला धरून राहते. लाकडी ट्रॅकवर मात्र तांब्याची पट्टी असते आणि तांब्याला मॅग्नेट चिकटत नाही. सगळी भिस्त टायरवर आणि आपल्या बोटावर.

टिंबर मार्केटमधून आठ बाय चारचं १२ मिमी एमडीएफ आणलं. आमच्या सुतारकाकांनी राउटर चालवला. वळण गोल कसं काढायचं? राउटरला लाकडी पट्टी ठोकली, दुसऱ्या टोकाला खिळा, झाला कंपास! खाच ३ मिमी रुंद, ७ मिमी खोल. लेन दोन, मध्ये १० सेंमी अंतर. सरळ भाग १२० सेंमी, आतल्या वळणाची त्रिज्या ४० आणि बाहेरच्या वळणाची ५०. (एमडीएफची धूळ वाईट असते, तोंडाला मास्क लावाच.) आधी रंग दिला, मग तपकीर गल्लीतून आणलेली ६ मिमीची कॉपर टेप खाचेच्या दोन्ही बाजूंना चिकटवली.

गाडीला पितळी पत्र्याची चासी, त्यावर छोटी मोटर, मागच्या ॲक्सलला गिअर. पात्याच्या दोन्ही बाजूंना सोल्डर काढायच्या तांब्याच्या जाळीचे तुकडे लावले, ते टेपवर घासत करंट घेतात. पहिली मोटर जुन्या खेळण्यातली होती, ३ व्होल्टची. तिला १२ दिले. वास अजून आठवतो! दुसरी मात्र रेटिंग वाचून आणली.

मग उद्घाटन. आई, बाबा, शेजारचे सगळे जमले. गाडी सुटली, वळण घेतलं आणि समोरच्या बाजूला जाऊन रांगायला लागली. भाऊ काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. रात्री मी मल्टिमीटर घेऊन बसले. या टेपचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०८ ओहम, म्हणजे टेपची चूक नाही. पण रोल संपला तिथे मी पुढचा तुकडा नुसता वर चिकटवला होता आणि माझ्या टेपचा गोंद करंट नेणारा नव्हता! सप्लायपासून समोरच्या तुकड्यापर्यंत प्रत्येक पट्टीला ६ ओहम. गाडीने अर्धा अँपिअर घेतला तर जाताना ३ आणि येताना ३, असे १२ पैकी ६ व्होल्ट वाटेतच गेले. सगळे जॉइंट सोल्डर केले आणि गाडी पळायला लागली. पुस्तकातल्या सर्किटमध्ये जॉइंट नुसता एक ठिपका असतो, त्याचा रेझिस्टन्स कोणी विचारत नाही.

पुढचा प्रॉब्लेम ब्रेकचा. बटण सोडलं तरी गाडी घरंगळत वळणात शिरायची. आणि इथे मला माझी ओरल आठवली. सरांनी विचारलं होतं, "डायनॅमिक ब्रेकिंग म्हणजे काय?" मी गप्प. आता साध्या बटणाऐवजी तीन टर्मिनलचा मायक्रोस्विच लावला. दाबला की १२ व्होल्ट, सोडला की दोन्ही पट्ट्या एकमेकींना शॉर्ट. फिरती मोटर तेवढ्यापुरती जनरेटर होते, तिचाच करंट तिला उलटा अडवतो आणि गाडी पटकन थांबते. हे मी पाठ केलेलं नाही, पाहिलेलं आहे.

शेवटची तक्रार भावाची. "ताई, तू चीटिंग करतेस, नेहमी आतली लेन घेतेस!" हिशोब केला. दोन लेनमधला फरक २π गुणिले १० सेंमी, म्हणजे फेरीला जवळजवळ ६३ सेंमी. मी म्हटलं, बाहेरच्या वळणावर वेगही जास्त ठेवता येतो ना! पण तो वेग त्रिज्येच्या वर्गमुळाने वाढतो आणि अंतर त्रिज्येच्याच प्रमाणात. म्हणजे आतली लेनच जिंकणार. पठ्ठ्या बरोबर होता. आता आम्ही प्रत्येक रेसनंतर लेन बदलतो. दिवाळीच्या सुट्टीत इंग्रजी आठच्या आकाराचा ट्रॅक करणार आहोत. त्यात प्रत्येक लेन एकदा आत, एकदा बाहेर येते आणि भांडण मिटतं.

मशीन्सचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. बघू काय होतं ते. पण या वेळी ब्रेकिंगचा प्रश्न आलाच तर मी ऑप्शनला टाकणार नाही.