एक हात मोकळा

आमच्या घरात आजवर बाबागाडी कधी आलीच नाही. पांगुळगाडा आला, लाकडी घोडा आला, छताच्या कडीला झोळीसुद्धा टांगून झाली. पण मूल गाडीत घालून फिरवायचे ही कल्पना आम्हाला सिनेमातल्या साहेबाच्या बागेपलीकडे कधी पटली नाही. मूल म्हटले की ते कडेवर असायचे. आई दमली की मावशीच्या कडेवर, मावशी दमली की आत्याच्या, आणि घरातल्या साऱ्या बायका दमल्या की मग आमच्यासारख्यांच्या खांद्यावर. १९९२ साली आमच्या सव्वा वर्षाच्या शुभाला मांडीवर घेऊन मी मुंबईहून गुहागरपर्यंत एस. टी. ने गेलेलो आहे. ही हकिकत मी इतक्यांदा सांगितली आहे की हल्ली शुभाच ती माझ्याआधी पुरी करते.

तेव्हा गेल्या जूनमध्ये शुभा जेव्हा म्हणाली, "बाबा, चिऊसाठी प्रवासाची एक घडीची गाडी घ्यावी म्हणते," तेव्हा मी काय उत्तर दिले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. मी म्हणालो, "आजोबा असताना गाडी कशाला?"

शुभाचे सासर नागपूरचे. बाळंतपणाला ती डोंबिवलीला माहेरी आली. बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले आणि त्यानंतर तिची कंबर जी धरली ती सहा महिने झाले तरी सुटेना. डॉक्टरांनी जड उचलायची मनाई केली होती. आता सहा-सात महिन्यांची चिऊ म्हणजे साडेसात किलो. घरातले सर्वांत न टाळता येणारे ओझे तेच! शिवाय ऑगस्टमध्ये शुभाला नागपूरला परतायचे होते आणि जावईबापूंना रजा मिळण्यासारखी नव्हती. माझा बेत असा, की मी सोबत जावे आणि नातीला कडेवरून पोहोचवावे. शुभाचा बेत असा, की तिने एकटीनेच जावे.

"या खेपेला तुम्ही याल, बाबा. पण पुढे मला ऑफिसच्या कामासाठी दर दोन महिन्यांनी मुंबईला यावे लागणार. दर वेळी तुम्ही नागपूरपर्यंत येणार का?"

याला माझ्यापाशी उत्तर होते. ते बरोबर नव्हते, एवढेच.

दादरचा जिना

आषाढातल्या एका दुपारी चिऊला दादरच्या डॉक्टरांना दाखवून आम्ही परत निघालो होतो. माझ्या डाव्या हातावर चिऊ, उजव्या हातात तिची पिशवी, आणि त्याच मनगटाला छत्री. शुभा कागदपत्रे घेऊन, गाडी कोणत्या फलाटावर आहे ते पाहायला पुढे गेली होती. पुलाच्या पायऱ्या पावसाने ओल्या झालेल्या. शेवटून चौथ्या पायरीवर माझा पाय सरकला. अशा वेळी माणूस काय करतो? कठडा धरतो. कठडा मला दिसत होता, वीतभर अंतरावर होता, आणि तो धरायला माझ्यापाशी हात नव्हता.

मी गुडघ्यावर आपटलो. पुढचा तरुण वळला आणि त्याने मला नव्हे, चिऊला धरले. कोण, कुठला, ठाऊक नाही. निळा सदरा आणि पाठीला लॅपटॉपची पिशवी, एवढेच आठवते. चिऊला खरचटलेसुद्धा नाही. ती त्याच्याकडे पाहून खुदकन हसली. त्याने तिला माझ्या हातात दिले, "काका, सावकाश," म्हणाला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

मी शुभाला काही सांगितले नाही. घरी आल्यावर सौ. लाही सांगितले नाही. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. माझी सारी नोकरी ड्रॉइंग ऑफिसात गेली. एखादा सांगाडा कोसळला तर आधी आधार कुठे सुटला ते पाहा, असे आमचे वरिष्ठ सांगत. अंधारात पडल्या पडल्या मी हिशेब मांडला: हात दोन, ओझी तीन, कठड्यासाठी शिल्लक काही नाही. सकाळी चहा घेता घेता मी शुभाला म्हणालो, "ती गाडी पाहायला कधी जायचे?"

एका आजोबाची करामत

दुकानात जाण्यापूर्वी थोडे वाचावे, ही माझी जुनी खोड. मुलांच्या गाडीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १७३३ च्या सुमारास इंग्लंडात विल्यम केंट याने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी बनवली, ती जनावराला जुंपून ओढायची होती! पुढे दोनशे वर्षे या गाड्या वाढतच गेल्या. चाके मोठी, टप मोठा, आणि ढकलायला बहुधा वेगळी दाई.

छत्रीघडीची गाडी आली ती १९६५ साली, आणि तिचा जनक माझ्यासारखाच एक निवृत्त आजोबा होता हे वाचून मला कोण आनंद झाला! ओवेन मॅक्लारेन हा इंग्रज विमान-अभियंता. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्याने काम केले होते. त्याची मुलगी नातीला घेऊन मॉस्कोहून विमानाने आली आणि त्या अवजड बाबागाडीने तिला अगदी जेरीस आणले. आजोबांनी विचार केला, उडताना विमानाची चाके पोटात मिटून घेता येतात, तर मुलाची गाडी का मिटू नये? त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोंच्या आतली गाडी तयार केली. आज बाजारात दिसणाऱ्या छत्रीघडीच्या गाड्यांचे मूळ तेच.

आजच्या प्रवासी गाड्यांच्या दोन जाती आहेत. एक ही छत्रीघडीची: हलकी, पुष्कळदा स्वस्त, पण मिटल्यावर लांबलचक काठी होणारी. दुसरी तिहेरी घडीची: मिटल्यावर लहान बॅगेएवढी होणारी आणि खांद्याला पट्ट्याने अडकवता येणारी. वजन बहुधा पाच ते सात किलो. किमती चार-पाच हजारांपासून तीस-चाळीस हजारांच्याही पुढे जातात.

दुकानातली परीक्षा

ठाण्याच्या एका मोठ्या दुकानात आम्ही तिघे आणि चिऊ असे गेलो. माझ्या खिशात मोजपट्टी. सौ. म्हणाली, "नात फिरवायची आहे, पूल नाही बांधायचा." विक्रेता मोठा तरतरीत होता. "काका, एका हाताने, फक्त तीन सेकंदांत!" असे म्हणत त्याने गाडी फटकन मिटून दाखवली. शुभाने काही न बोलता चिऊला त्याच्या कडेवर दिले आणि म्हणाली, "आता दाखवा." बिचाऱ्याला एक कळ दाबायला बोट पुरेना आणि दुसरी कळ सापडेना. चिऊने तेवढ्यात त्याच्या शर्टाचा खिसा उलटा केला. ती गाडी आम्ही घेतली नाही. वाचकहो, दुकानात हीच परीक्षा पहिली घ्या. मूल कडेवर असताना गाडी मिटली आणि उघडली पाहिजे. रिकाम्या हातांनी तर घडवंचीही मिटते.

दुसरी परीक्षा खांद्याची. मिटलेली गाडी खांद्याला लावून मी दुकानाचा जिना चढून उतरलो. कागदावरचे सहा किलो आणि जिन्यावरचे सहा किलो यांत फार अंतर असते. पट्टा घसरत असेल किंवा चाक नडगीला लागत असेल, तर त्या गाडीचा नाद सोडावा.

तिसरी गोष्ट मापाची, आणि इथे माझी मोजपट्टी कामी आली. "विमानात वर ठेवता येते" असे पुष्कळ गाड्यांवर लिहिलेले असते. आपल्याकडे देशांतर्गत विमानांत हातातल्या बॅगेचे नेहमीचे माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि वजन ७ किलो. मूळची फ्रान्सची योयो नावाची प्रसिद्ध गाडी मिटल्यावर साधारण ५२ × ४४ × १८ भरते. म्हणजे लांबी-जाडी बसते, रुंदी बसत नाही. अशा वेळी कर्मचारी गाडी विमानाच्या दारापाशी घेऊन सामानात पाठवतात, आणि उतरल्यावर ती कधी दारातच मिळते, कधी सामानाच्या पट्ट्यावर. तेव्हा तिकीट काढतानाच कंपनीला विचारून ठेवावे, आणि गाडीला पिशवी व नावाची चिठ्ठी असावी.

चौथी बाब पाठीची. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच हवी. मान न धरणारे मूल अर्धवट बसवले की डोके पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा होऊ शकतो. चिऊ बसू लागली होती, तरी पाठ मागे कलणारीच गाडी आम्ही पाहिली, कारण प्रवासात मूल झोपणार हे ठरलेलेच. पट्टा पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून.

पाचवी बाब बिजागऱ्यांची. २००९ साली मॅक्लारेनच्याच कंपनीला अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीवर बसवायची झाकणे द्यावी लागली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटे सापडून गंभीर इजा झाल्या होत्या. म्हणून सांधे झाकलेले आहेत का ते पाहावे, आणि उघडताना-मिटताना मूल हातभर लांब ठेवावे. गाडीवर ईएन १८८८ हे युरोपीय मानक लिहिलेले असेल तर उत्तम.

चाकांचे म्हणाल, तर लहान चाके विमानतळाच्या फरशीवर लोण्यासारखी धावतात आणि आमच्या गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवर दातखिळी बसल्यासारखी थांबतात. शक्य तर दुकानाबाहेरच्या रस्त्यावर ढकलून पाहावे. आम्ही पाहिले. दोन गाड्या तिथेच बाद झाल्या. अखेर तिहेरी घडीची, सहा किलोंची, मधल्या किमतीची एक गाडी घरी आली.

आठ दिवसांची तालीम

गाडी आणल्या दिवशीच प्रवासाला निघू नये. आम्ही आठ दिवस तालीम केली आणि आमच्या चुका आम्हालाच कळल्या. दांड्याला भरलेली पिशवी अडकवून सौ. ने चिऊला उचलले मात्र, गाडी मागच्या मागे उलटली! तेव्हापासून सामान खालच्या जाळीत. ऊन लागते म्हणून मी टपावरून पंचा पांघरला, तर शुभाने आत हात घालून दाखवला: आत भट्टी झालेली. गाडी कापडाने झाकली की वारा बंद होतो आणि आतली हवा तापत जाते. सावलीत चालावे, हेच बरे. सरकत्या जिन्यावर गाडी न्यायची नाही. लिफ्ट असेल तर लिफ्ट, नाहीतर गाडी मिटायची. फलाटावर थांबताना गाडी रुळांना समांतर लावायची, ब्रेक दाबायचा, आणि तरी दांड्यावरचा हात काढायचा नाही.

शुभाने छातीशी बांधायची एक झोळीही घेतली. व्यायामाने तिची कंबर तोवर बरीच सुधारली होती आणि थोडा वेळ झोळी बांधायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. चिऊ झोळीत, मिटलेली गाडी एका खांद्याला, मोठे सामान हमालाकडे; आणि उजवा हात मोकळा. आमच्या इमारतीचा जिना ती अशी चढली-उतरली, तेव्हा मी वरच्या पायरीवर उभा राहून फक्त तो हात पाहत होतो.

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, तसे वेगळे बाकही नाही. २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बाकाला जोडलेले बाळाचे घडीचे बाक प्रयोग म्हणून बसवले होते. पण शुभाच्या डब्यात तसे काही नव्हते. धावत्या गाडीत बाबागाडी हा बिछाना नव्हे. ती मिटून बाकाखाली, आणि बाळ भिंतीच्या बाजूला आईच्या कुशीत, असेच आम्ही ठरवले.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी कल्याणला आम्ही तिला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसवले. मी डब्यात चढू लागलो तर म्हणाली, "बाबा, तुम्ही खालीच थांबा. मला करून पाहू द्या." तिने गाडी मिटली, खांद्याला लावली, दाराची दांडी धरली आणि चढली. चिऊने झोळीतून मान वळवून माझ्याकडे पाहिले. मला वाटले होते रडेल. ती दांडीकडे हात नेण्यात गर्क होती.

गाडी सुटली. मी बाकावर टेकलो आणि सहज गुडघ्याकडे लक्ष गेले. दादरच्या दिवशीचीच ती विजार. गुडघ्यावर जिथे फाटले होते तिथे बारीक, सुबक रफू केलेले. इतके दिवस मी समजत होतो की ती हकिकत कोणाला ठाऊक नाही.

मी सौ. कडे पाहिले. ती गाडी गेली त्या दिशेलाच पाहत होती.

"तुम्ही सांगितले नाही, मी विचारले नाही," ती म्हणाली. "चला आता. आणि जिना उतरताना कठडा धरा."