काट्यावरचा आकडा

साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी उभी राहते. तिचे वजन दूरच्या कचेरीतील संगणकापर्यंत पोहोचवावयाचे असते. त्यातील एक अंक चुकला, तरी शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचा हिशेब चुकतो.

काट्याचे यंत्र तो आकडा विजेच्या स्पंदांची रांग करून, एकामागून एक असा पाठविते. आरएस-२३२-सी या १९६९ सालच्या मानकाप्रमाणे अशा तारेची लांबी सुमारे १५ मीटरच असावी. त्यापुढे स्पंदांचे कंगोरे झिजतात व ते ओळखू येईनासे होतात. म्हणून दोन्ही टोकांना अल्प पल्ल्याचा मोडेम बसवितात. एक मोडेम स्पंदांना लांबचा प्रवास सोसेल असे रूप देतो. दुसरा त्यांना मूळ रूपात आणतो. मग तांब्याच्या साध्या पीळदार तारांवरूनही निरोप काही किलोमीटर जातो.

जोडणी करताना एकाची पाठविणारी तारांची जोडी दुसऱ्याच्या घेणाऱ्या जोडीशी जुळवावी लागते. तोंडाशी तोंड जोडले, तर बोलतात दोघे, ऐकत कोणीच नाही. माणसांचेही कधी कधी असेच होते! वेगही दोहोंकडे एकच हवा. एकीकडे सेकंदाला ९६०० आणि दुसरीकडे ४८०० स्पंद धरले, तर वजनाऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात.

शेवटी परीक्षा. पलीकडच्या मोडेमची एक कळ दाबली, की आलेले सारे तो जसेच्या तसे परत धाडतो. पाठविलेला आकडा आणि परत आलेला आकडा जुळला, की मगच पहिली गाडी काट्यावर घेतात.