भांडणाला मिळालेला प्रेक्षक

शाळकरी मुलांमधील हाणामारी, क्वचित् चाकूचा वापर, आणि त्या प्रसंगाची घरोघर फिरणारी चित्रफीत, अशा वार्ता आज वृत्तपत्रांतून वरचेवर वाचावयास मिळतात. त्या वाचल्या कीं सुशिक्षित घरांतून बहुधा एकच उद्गार निघतो : 'सगळा या मोबाईलचा परिणाम !' हा उद्गार निराधार नाहीं. पण तो अर्धवट आहे. मोबाईलमुळें नेमकें काय बिघडतें आणि कसें बिघडतें, हें कळल्यावांचून उपाय सुचणार नाहीं. त्याचाच थोडा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मुलांचीं भांडणें समाजमाध्यमांनीं जन्मास घातलेलीं नाहींत. गोट्यांवरून, पेन्सिलीवरून, कोणीं पाडलेल्या टोपणनांवावरून मुलें पूर्वींहि भांडत. पण त्या भांडणाला तीन बांध होते. पहिला, बघणारे मोजके असत. दुसरा, शाळा सुटल्यावर मुलें आपापल्या घरीं जात आणि मधल्या रात्रींत राग निवे. तिसरा, झालेला अपमान चार दिवसांत विसरला जाई, म्हणून माघार घेणें फारसें कठीण नसे. इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील वर्गाचा गट यांनीं हे तिन्ही बांध फोडले. बघणारे शेंकडों झाले. भांडण मुलाच्या अंथरुणापर्यंत येऊं लागलें. आणि अपमानाची चित्रफीत कोणाच्या तरी मोबाईलमध्यें कायमची राहिली. भांडणाला प्रेक्षक मिळाला. प्रेक्षकासमोर माघार घेणें मोठ्यांनाहि जड जातें. मग चौदा वर्षांच्या मुलाची काय कथा?

मूल हिंसा कशी शिकतें, याविषयींचे आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत बालवाडीच्या वयाच्या 72 मुलांवर केलेला त्यांचा प्रयोग 1961 सालीं प्रसिद्ध झाला. हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला एक प्रौढ व्यक्ति मारीत असल्याचें त्यांतील कांहीं मुलांना दाखविण्यांत आलें. पुढें तसाच बाहुला हातीं येतांच त्यांतल्या पुष्कळांनीं त्या मारण्याचें हुबेहूब अनुकरण केलें. 1965 सालच्या प्रयोगांत तोच प्रकार चित्रपटाच्या रूपानें दाखविला. एका गटानें मारणाऱ्याला शाबासकी व खाऊ मिळतांना पाहिलें. दुसऱ्यानें त्याला शिक्षा होतांना पाहिलें. शिक्षा पाहिलेल्या मुलांनीं अनुकरण कमी केलें. परंतु 'जें पाहिलें तें करून दाखवा, खाऊ मिळेल' असें सांगतांच दोन्ही गटांना तें सारखेंच येत असल्याचें दिसलें. म्हणजे शिकलीं सगळींच होतीं; आचरणांत आणावयाचें कीं नाहीं, हें बक्षिसानें ठरविलें. आतां मारामारीच्या चित्रफितीखालीं दिसणारा 'लाइक'चा आंकडा डोळ्यांसमोर आणा. तो आंकडा म्हणजे मारणाऱ्याला सर्वांदेखत मिळालेला खाऊच होय.

प्रेक्षकाचा परिणाम वयानुसार बदलतो, हेंहि तपासून पाहिलेलें आहे. मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनीं 2005 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत 306 व्यक्तींना संगणकावर मोटार चालविण्याचा खेळ दिला. कांहींना एकट्यानें, कांहींना सोबत्यांच्या देखत. 13 ते 16 वर्षांच्या मुलांनीं सोबती बघत असतां बरेच अधिक धोके पत्करले. 24 वर्षांवरील व्यक्तींच्या वागण्यांत मात्र फारसा फरक पडला नाहीं. ज्या वयांत प्रेक्षकाची भूल सर्वांत अधिक, नेमक्या त्याच वयांत आपण मुलाच्या खिशांत न संपणारा प्रेक्षकवर्ग ठेवला आहे.

शिवाय हा प्रेक्षक आपोआप जमत नाहीं. यंत्र तो जमवितें. ज्या चित्रावर माणसाची नजर अधिक खिळते, तें अधिक लोकांपुढें ठेवलें जातें. फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनीं नोव्हेंबर 2018 मध्यें स्वतःच लिहिलें कीं, मजकूर निषिद्धतेच्या रेषेजवळ जाऊं लागला कीं लोकांचा प्रतिसाद वाढतो. इंग्लंड व वेल्समधील यूथ एंडाउमेंट फंड या संस्थेनें 2024 सालीं 13 ते 17 वर्षांच्या सुमारें 10,000 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. मागील वर्षभरांत समाजमाध्यमांवर खरीखुरी हिंसा पाहिल्याचें शेंकडा 70 मुलांनीं सांगितलें. त्यांत ती मुद्दाम शोधणारीं अवघीं शेंकडा 6 होतीं.

प्रसिद्धीची भूक कोठवर नेते, हें ब्राझीलनें पाहिलें आहे. साओ पाउलो येथील एका शाळेंत 27 मार्च 2023 रोजीं 13 वर्षांच्या विद्यार्थ्यानें चाकूहल्ला करून एका वृद्ध शिक्षिकेचा प्राण घेतला. 2019 सालीं सुझानो येथील शाळेवर हल्ला करणाऱ्याचें आडनांव त्यानें ट्विटरवर धारण केलें होतें. पुढच्याच आठवड्यांत ब्लुमेनाउ येथील बालवाडींत एका प्रौढ इसमानें चार बालकांना ठार केलें. तेव्हां ग्लोबो या मोठ्या वृत्तसमूहानें अशा हल्लेखोरांचें नांव व छायाचित्र यापुढें प्रसिद्ध करावयाचें नाहीं असें ठरविलें. हल्लेखोराचा प्रेक्षक काढून घेण्याचाच हा मार्ग होता.

तथापि सगळा दोष माध्यमांवर ढकलणें योग्य नव्हे. लक्षावधि मुलें अशा चित्रफिती पाहतात आणि कोणावर हात उगारीत नाहींत. ज्याच्या घरीं मारहाण नित्याची आहे, ज्याला वर्गांत कोणी विचारीत नाहीं, अशा मुलाच्या मनांत ठिणगी लवकर पेटते. माध्यम वारा घालतें. लांकडें आपणच रचलेलीं असतात.

सरकारें आपल्यापरीनें उपाय करीत आहेत. ब्राझीलनें जानेवारी 2025 मध्यें शाळांतील मोबाईलच्या वापरास कायद्यानें आळा घातला. ऑस्ट्रेलियांत 16 वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास मनाई करणारा कायदा 10 डिसेंबर 2025 पासून अमलांत आला. पण कायदा उंबरठ्याशीं थांबतो. घरांतलें काम घरानेंच केलें पाहिजे.

त्यांतलें पहिलें काम, आपण स्वतः प्रेक्षक न होणें. नातेवाइकांच्या गटावर मुलांच्या मारामारीची चित्रफीत आली कीं 'काय हा काळ आला !' असें लिहून ती पुढें पाठविणारे पुष्कळदां आपणच असतों. आपल्या देशांत बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 अन्वयें, चौकशींत असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणें हा गुन्हा आहे, मग तें मूल आरोपी असो, पीडित असो वा साक्षीदार. पुढें पाठविण्याचा मोह किती घातक ठरतो, हें महाराष्ट्रानें अनुभवलें आहे. धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें 1 जुलै 2018 रोजीं, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अफवेपायीं, भटक्या समाजांतील पांच निरपराध माणसें जमावानें ठार केलीं. तो जमाव शाळकरी मुलांचा नव्हता.

दुसरें काम, रात्रीचा बांध पुन्हां घालणें. रात्रीं घरांतील सर्व मोबाईल, वडिलांचाहि, बाहेरच्या खोलींत एका ठिकाणीं ठेवावेत. नियम सर्वांना सारखा असेल तरच मुलें तो मानतील.

तिसरें आणि सर्वांत अवघड काम, मुलाला माघारीची वाट मोकळी ठेवणें. 'मला कोणी धमकी दिली' असें मुलानें सांगतांच आपण मोबाईल हिसकावून घेतला, तर पुढल्या वेळीं तें सांगणार नाहीं. आधीं सगळें ऐकून घ्यावें. नंतर वर्गशिक्षकांना भेटून दोन्ही मुलांची समोरासमोर गांठ घालून द्यावी, आणि तेथें तिसरें मूल असूं नये. जें भांडण शंभरांसमोर मिटत नाहीं, तें चौघांत पुष्कळदां मिटतें. मात्र हत्याराचा किंवा जिवाचा प्रश्न असेल, तर संकोच न करतां शाळेला, पोलिसांना किंवा 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावें.

मुलाला कोणीतरी पाहणारें हवेंच असतें. संध्याकाळीं घरीं आल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे आपण पाहिलें, तर त्याला रात्रीं तो प्रेक्षक बाहेर शोधावा लागणार नाहीं.